उसनं मडकं

पेइलान उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "माझं मडकं न्यायला आलेय," ती म्हणाली. कोंबड्यांवरून भांडण झाल्यापासून, दोन वर्षांत ती शेजारणीशी बोललेले हे पहिले शब्द.

शुएफेन हातातलं काम टाकून दाराशी आली. भांडणाच्या आधी, नवऱ्याचं औषध उकळायला तिने ते मातीचं मडकं उसनं आणलं होतं. असं मडकं कुणी परत नेऊन देत नाही. दिलं तर त्या घरी दुखणंच पोचतं केल्यासारखं. घरात कुणी आजारी पडलं की मालकीण स्वतः मागायला येते.

"कुणासाठी?"

"आहे कुणीतरी."

एवढ्या थंडीत पेइलानच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. शुएफेनने तिच्या हातातली पुडी ओढून घेतली आणि हुंगली. सुंठ, दालचिनी. गारठा खोल मुरला की वैद्य अशी गरम औषधं देतात.

"ज्येष्ठमध आहे ना?"

"आहे. बाकीची औषधं आपसात भांडतात, तो समजूत घालतो म्हणे."

"मग आपल्या गल्लीला पोतंभर लागेल."

मडकं फळीवर होतं, धुऊन पालथं घातलेलं. पेइलान आत आली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मला वाटलेलं, रागाच्या भरात तू ते माझ्या दारात आणून ठेवशील."

"राग होता. पण तू मरावीस असं कधी वाटलं नाही."

शुएफेनने मडकं काही हातात दिलं नाही. औषध भिजत घातलं, मग चुलीवर चढवलं आणि पेइलानला जाळाशी बसवलं. तोंड वाकडं करत का होईना, पेइलानने काढा संपवला.

उरलेला चोथा शुएफेनने रीतीप्रमाणे गल्लीत ओतला. ज्याचा पाय त्यावर पडेल, तो दुखणं आपल्याबरोबर घेऊन जातो म्हणतात. गल्लीतले लोक चोथा दिसला की लांबून वळसा घालतात.

पेइलानला तिच्या दारापर्यंत सोडून ती माघारी वळली.

"कडेने जा गं ताई," पेइलान मागून म्हणाली.

"उद्याची पुडी घेऊन ये. आणि येताना कोंबड्या कोंडून ये."

शुएफेन चोथ्यावरून सरळ चालत गेली. तो तिच्या कापडी बुटांना चिकटला. दाराशी पोचल्यावर तिने पाय झटकले नाहीत, तशीच घरात गेली.