तोंडात न येणारं नाव

दोन हजार चार साली आमच्या बायांच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला. शिकवायला कळमनुरीहून आलेला साहेब म्हणाला, "चेअरमनबाई, पासवर्ड असा ठेवा, जो तुमच्या तोंडून चुकूनही निघणार नाही." मी तसाच ठेवला.

संस्थेच्या निवडणुकीची मतदार यादी हिंगोलीला द्यायच्या दिवशी ऑफिसात गेले, तर पुतण्या अंगद माझ्याच खुर्चीवर. माझ्या बाजूच्या बायांची नावं उडवून त्याला त्याच्या बायकोला चेअरमन करायचं होतं. पण मशीन उघडत नव्हतं.

"चोरा, काय टाकून राहिला त्यात?"

"काकाचं नाव. साहेबाचं बोलणं म्या बी ऐकलं व्हतं. तुमी बाया तेवढंच तोंडात घेत न्हाई, मला म्हाईत न्हाई व्हय? पण काहून उघडून न्हाई राहिलं?"

"ऊठ. खुर्ची बाटवली माझी."

मी बसले. नातीनं शिकवलेलं एकेक अक्षर दाबलं. यादी उघडली. सगळ्या बाया जागच्या जागी होत्या.

नवऱ्याचं नाव तर मी उखाण्यात धा वेळा घेतलं असंल. सवतीचं आजवर एकदाबी न्हाई.