शिसवी बेस

रामकुंडावर नवऱ्याच्या अस्थी सोडतानाही वृंदा रडली नव्हती. आज त्याची बेस गिटार न्यायला बँडमधला सायमन आला, तेव्हाही तिने आधी चहा टाकला. “वहिनी, केवढी जड ही!” गिटार खांद्याला लावत सायमन म्हणाला. “शिवणीच्या लाकडाची करून घे, हलकी होईल, म्हणून किती मागे लागलो. पण त्याचं एकच, शिसवासारखा सूर दुसऱ्या लाकडात टिकत नाही.” नवऱ्याच्या पाठीत उसण भरायची, म्हणून कार्यक्रमाला निघताना गिटार बॅगेसकट जिन्यावरून वृंदाच उतरवायची. सायमनने स्वतःची बॅग आणली होती. तो गेल्यावर कपबशा विसळून वृंदा जुनी बॅग आवरायला वाकली. सवयीने पाय रोवून तिने जोर लावला, तर बॅग एकदम वर आली आणि वृंदा मागे भिंतीवर आदळली. ती रिकामी बॅग तिच्याने खाली ठेववेना.