पाहुण्याचा मान

या बाबांनो, आयांनो, जरा जवळ सरकून बसा, एका नेमबाजाची गोष्ट सांगतो.

बहारीनच्या नेमबाजीच्या रेंजवर आमच्या शिरीषचा हात म्हणजे देवाचं देणं! टेबलाशी बसायचं, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, श्वास रोखायचा, की पाचही गोळ्या शंभर फिल्सच्या नाण्याएवढ्या जागेत. ते पाहूनच त्याचे साहेब अबू खालिद त्याला परदेशी शिकारीला घेऊन गेले. तिथे ना टेबल होतं ना पिशवी. डोंगर चढून छाती भात्यासारखी चाललेली, वारा आडवा, आणि समोरची हरणं उधळायच्या बेतात. "यल्ला शिरीष, जल्दी!" साहेब कुजबुजले, आणि त्याने उभ्यानेच चाप ओढला.

तो बहारीनमधल्या सनद गावी घरी पोचेपर्यंत पडलेल्या हरणाशेजारचा त्याचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. "बाबा, यू आर अ स्टार!" म्हणत आर्या गळ्यात पडली. जेवायला वाढता वाढता बायकोने, उल्काने, कौतुकाने विचारलं, "आणि तेही एकाच गोळीत ना हो?"

"एकच झाडली मी," एवढंच बोलून शिरीष भरल्या ताटावरून उठला.



फोटोतलं हरीण साहेबांनी टिपलेलं, पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी शिरीषला पुढे उभं केलं होतं. पण त्याची गोळी पोटात घेऊन पळालेली हरणी अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडली नाही, म्हणून आज देवापुढे दिवा लावाल तेव्हा तिची तेवढी आठवण असू द्या.