लाल पट्टा

शर्वाणीच्या मनगटावरचा खळबळ मोजणारा पट्टा हिरव्याचा पिवळा झाला, तशी दमयंतीबाईंनी तिला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. या महिन्यात तो दोनदा लाल झाला होता. आज तिसऱ्यांदा झाला, की मुख्याध्यापिकेने नोंदीवर अंगठा टेकवायचा आणि पोरीची रवानगी दूरच्या निवासी शाळेत.

बाईंनी पट्टा सोडला आणि स्वतःच्या मनगटावर बांधला.

"बाई, असं चालत नाही!"

"न चालायला काय झालं? मला या वयात कसला आलाय राग?" त्यांनी पिशवीतून जुनं डस्टर काढलं. खडू-फळे जाऊन वर्षं लोटली होती, डस्टर तेवढं त्यांनी जपून ठेवलं होतं. "घे. आपट भिंतीवर. जोरात!"

शर्वाणीने दात-ओठ खाऊन आपटलं. पांढरा धुरळा उडाला. आपटता आपटता ती हुंदके देऊ लागली.

"काल माझा वाढदिवस होता. आईनं फोनसुद्धा केला नाही."

बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, तरी पट्टा लाल झालाच.

लाल इशारा मिळताच मुख्याध्यापिका मेधा धावत आली. पोरगी नाक पुसत शांत उभी होती, पट्टा बाईंच्या हातावर पेटला होता.

"बाई, हा लाल तुमचा?"

"माझाच. टेकव अंगठा, मला पाठव."

मेधा पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. बाईंच्या वर्गात तिसरीत असताना तिनेही हेच डस्टर आपटून ही भिंत अशीच रंगवली होती. तिने नोंद पुसून टाकली आणि हात पुढे केला.

"शर्वाणी, तुझं झालं असेल तर मला दे गं जरा."