न खेळता मिळवलेलं ब्राँझ

सांगितलं तर मला वेड्यात काढाल, पण ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत एकही लढत न खेळता मी ब्राँझ पटकावलंय. नातीलाही हेच ऐकवलं. तिची पहिलीच लढत जगातल्या अव्वल मुलीशी होती. ती लढत जिंकली तरच क्रमवारीचे गुण पुरणार, संघात जागा मिळणार, आणि ही म्हणते, "आजोबा, गुडघा दुखतोय म्हणून कळवा, मी खेळत नाही." "शहाणी गं माझी," मी म्हणालो. "खेळायचं कशाला? माझा पहिला प्रतिस्पर्धी वजनात पावशेर जास्त भरला, बाद. दुसऱ्याच्या ड्रेसची बाही नियमापेक्षा चार बोटं आखूड निघाली, तोही बाद. तिसरा वाकून नमस्कार करायला गेला, तो कमरेत उसण भरून तसाच राहिला. पदक गळ्यात, गुण खिशात, घामाचा थेंब नाही." तिने उठून पट्टा आवळला. "आजोबा, थापा पुरे. मॅटवर घासल्याशिवाय तुमचा हा कान असा चुरगळला होय?"