काशीची माती

पेटी दुसऱ्यांदा उपसून झाली, तरी काशीची माती काही सापडली नाही.

महेश्वरीनं सगळं पुन्हा ओळीनं मांडलं. रामेश्वरची वाळू, श्रीशैलमच्या भस्माची पुडी, उज्जैनची घंटी, केदारनाथचा अंगठ्याएवढा दगड. प्रत्येकावर आत्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात गावाचं नाव. जिथं ती एकदाच गेली, तिथलं सगळं होतं. जिथं सव्वीस वेळा गेली, त्या काशीचं मात्र चिमूटभर काही नव्हतं.

"सापडली का गं?" मन्मथअप्पांनी दारातून विचारलं.

"न्हाई, अप्पा."

तिचे वडील उंबऱ्यावरच बसले. अंगणात गंगम्माआत्याला बसवलं होतं. कपाळाला भस्म, तळहातावर इष्टलिंग. पहाटे ती गेली होती आणि चार वाजता माती द्यायची होती. आठ दिवसांपूर्वी तिनं धाकट्या भावाचा हात धरून सांगितलं होतं, "मन्मथा, काशीची माती पडल्याबिगर मला झाकू नको." अप्पांनी शब्द दिला होता. थोरल्या बहिणीनं उभ्या जन्मात त्यांच्याकडं मागितलं ते एवढंच.

दहा भावंडांत आत्या थोरली आणि अप्पा शेंडेफळ. मधली एक बहीण विसाव्या वर्षी रातोरात गेली, तेव्हा अप्पा पाळण्यात होते. आजोबांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि पुन्हा ते नाव घरात कुणी काढलं नाही. बाकीचेही एकेक करून गेले. नवरा लवकर गेल्यामुळं आत्या माहेरीच राहिली. भावंडांची लग्नं, भावजयांची बाळंतपणं, आईबापांची दुखणी असं सगळं तिनं निस्तरलं. आजोबांचं वर्षश्राद्ध आटोपलं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईच्या पायाला भिंगरी लागली.

पहिल्यांदा गेली ती काशीलाच. लोक म्हणाले, बापाच्या नावानं पुण्य जोडायलीय.

सोनपेठच्या बाजारापलीकडं ज्या गावच्या बायका पाहुण्यारावळ्यांकडं सोडून कुठं जात नव्हत्या, तिथली ही बाई एकटी एसटीनं गंगाखेड गाठायची आणि पूर्णेच्या बाजूला जाणाऱ्या रेल्वेत बसायची. अडुसष्टाव्या वर्षी कापडी बूट घालून केदारनाथ चढली. महेश्वरी परभणीला बँकेत साहेबीण झाली, दोनदा विमानात बसली, तरी आत्याचं नाव निघालं की तिचा ऊर अजून भरून यायचा. एवढं धाडस हिच्यात आलं कुठून, ते तिला कधी कळलं नाही.

बाकी गावं एकेकदा. काशी मात्र दरसाल. लोक महाशिवरात्रीला जातात; आत्या नागपंचमीला जायची. पिशवीत खण, चिवडा, एखाद्या वर्षी बाळाचं टोपरं.

"आत्या, महादेवाला टोपरं कशाला?" महेश्वरीनं लहानपणी विचारलं होतं.

"काशीला सगळं चालतं," आत्या म्हणाली होती.

चौथ्या दिवशी ती परत यायची. आता गाड्या लय पळायल्यात, असं म्हणून गाव तिच्या पाया पडायला जमायचं. ती पाय आखडून घ्यायची. "माझ्या कशाला पडता? काशीच्या पडा."

गेल्या पंचमीचं तर महेश्वरीला स्पष्ट आठवत होतं. "कशी हाय आता काशी?" तिनं विचारलं, तर आत्या रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाली, "थकली बघ. पण हसती आजून."

शहराबद्दल असं माणसागत बोलणारं दुसरं कुणी महेश्वरीला भेटलं नव्हतं. त्या रात्री तिनं ते वाक्य डायरीत लिहून ठेवलं होतं.

आत्याचा बटनाचा फोन सकाळपासून थांबत नव्हता. श्रीशैलमच्या कुणा बाईनं तेलुगूत हंबरडा फोडला. उज्जैनच्या धर्मशाळेतून कुणी हिंदीत विचारपूस केली. एक बाई नुसतंच "गंगाक्का?" म्हणाली. महेश्वरीनं गावाचं नाव घेऊन सांगितलं, "आत्या पहाटं गेली. चारला माती हाय." तसा फोन कट झाला. एका बाईनं केवढं गणगोत जोडून ठेवलं होतं!

साडेचारला सगळे मळ्यात जमले. खड्ड्यात आत्याला मांडी घालून बसवलं, बेलाची पानं वाहिली. विधीला आलेल्या स्वामींनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं.

चुलतभाऊ बसवेश्वर अप्पांच्या कानाशी लागला. "अप्पा, मी नदीची माती आणलीय. गोदावरीबी गंगाच की. काशीची म्हणून टाका. कुणाला कळायलंय?"

"अक्का जन्मात खोटं बोलली न्हाई," अप्पा म्हणाले. "तिच्या मातीत मी खोटं मिसळू?"

"मग बसवून ठेवायचं का तिला रातभर?"

अप्पांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. महेश्वरीला वाटलं, निघावं आत्ताच, मिळेल त्या विमानानं काशी गाठावी. पण तोवर आत्यानं थांबायचं कसं?

बांधाशी एक ऑटो थांबला. त्यातून एक म्हातारी उतरली आणि काठी टेकत, ढेकळं तुडवत आली. पाहुण्यांचा गोतावळा एवढा, की कोण कुणाकडची हे कुणी विचारलं नाही; बायकांनी वाट दिली. म्हातारी खड्ड्याच्या काठाशी आली. आत्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग वाकली आणि तिथलीच मूठभर माती उचलली.

अप्पांनी घाईनं हात आडवा केला. "थांबा मावशी. आधी काशीची माती पडायची हाय."

"तीच टाकायलेय, बाळा," ती म्हणाली. "मी काशी."