मागचे बाक

निघोज्याच्या ज्योतीरामाने आपल्या जुन्या दोन आसनी मोटारीला लोहाराकडून मागे एक लोखंडी बाक बसवून घेतले होते. "वय बावीस, त्यात गाडीला हे शेपूट! हप्ता दुप्पट पडेल, राव," असे विमा एजंटाने बजावताच त्याने अर्जावर 'गाडीत कोणताही बदल नाही' असे लिहून दिले.

महिन्याभरातच, खेडच्या बाजाराला जाताना, वळणावर मोटार कलंडली. ज्योतीरामाशेजारी बसलेल्या भिमाजीनानाचे खरचटण्यावर निभावले. मागच्या बाकावर बसलेली भिमाजीची बायको मंजुळाबाई मात्र जागीच गेली.

"नाना, तुमच्या दोन्ही पोरींसाठी कंपनीकडनं भरपाई मिळंल," ज्योतीराम खालच्या मानेने म्हणाला. "पर त्यांना बाक दिसलं तर सगळंच बुडंल."

"मग काढू की. ती तर गेली; पोरींचं तरी व्हऊ दे." भिमाजीने स्वतःच्या हाताने बोल्ट सोडवले, भोके बुजवली, वरून रंग फिरवला आणि ते बाक इंद्रायणीच्या डोहात लोटून दिले.

विमा कंपनीच्या साहेबाने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, दोघांच्या जबान्या बारकाईने लिहून घेतल्या आणि अर्ज पडताळून मान डोलावली. ज्योतीरामाचा जीव भांड्यात पडला.

"गाडी मूळचीच आहे," साहेब म्हणाला, "बदल काही नाही. आसने दोन, एकावर तुम्ही होतात, दुसऱ्यावर हे भिमाजी."



साहेबाने अर्ज मिटून वर पाहिले. "मग बाई कुठे बसल्या होत्या?"